देणगीचा पैसा रुग्णाच्या उशापर्यंत

प्रतिनिधी

रुग्णालयासाठी देणगी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती नवी इमारत, नवे यंत्र आणि प्रवेशद्वारावरची संगमरवरी पाटी. परंतु दूरच्या गावाहून शहरात उपचारासाठी आलेल्या कुटुंबाची अडचण बहुधा वेगळीच असते. रात्री झोपायचे कुठे, दोन वेळचे जेवण कसे करायचे, पुढच्या तपासणीला यायला गाडीभाडे कुठून आणायचे, हे त्यांच्यापुढचे प्रश्न असतात. या प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यामुळे उपचार अर्धवट राहतात आणि बरा होऊ शकणारा रुग्णही हातचा जातो. धर्मादाय निधी नेमका याच ठिकाणी कामी येतो. हा निधी कसा उभा राहतो, कशावर खर्च होतो आणि रुग्णापर्यंत पोहोचावा म्हणून देणाऱ्याने व घेणाऱ्याने काय पाहावे, याचा हा आढावा.

दानातून उभी राहिलेली रुग्णालये

मुंबईच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा पाया बऱ्याच अंशी दानावर उभा आहे. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते आणि उरलेला भार ईस्ट इंडिया कंपनीने उचलला होता. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले, ते शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून मिळालेल्या देणगीच्या बळावर. तेथे भारतीय डॉक्टरांनाच नेमावे, अशी अट विश्वस्तांनी घातली होती. देणगीदाराची अट रुग्णालयाचे स्वरूप कसे घडवू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

टाटा स्मारक रुग्णालयाची कथाही अशीच आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही गेले. सर दोराबजी टाटा न्यासाने हाती घेतलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून त्याची सूत्रे केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहेत.

दानशूरांनी इमारती उभारल्या. पुढे त्या चालविण्याची जबाबदारी सरकारने आणि महापालिकेने घेतली. मग आज देणगीची गरज कुठे उरते?

बिलाबाहेरचा खर्च

गेल्या काही वर्षांत सरकारी योजनांचा आधार वाढला आहे, हे खरे. राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षणाची तरतूद झाली. रुग्ण दाखल असतानाचा उपचार, त्याचे जेवण आणि एकवेळचे परतीचे भाडेही योजनेत धरले आहे.

तरीही मोठा खर्च योजनेबाहेर राहतो. केमोथेरपी किंवा किरणोपचार घेणारा रुग्ण अनेकदा दाखल नसतो. बाह्यरुग्ण म्हणून तो आठवड्यामागून आठवडे रुग्णालयाच्या खेपा घालतो. या काळात त्याला शहरातच राहावे लागते आणि सोबत घरचे माणूस लागते. ते माणूस शेतमजूर किंवा रोजंदारीवरचे असेल तर घरातली कमाई त्याच दिवसापासून थांबते. गावी दुसरी मुले असतात, त्यांचेही पाहावे लागते. या खर्चाची पावती कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात सापडत नाही आणि म्हणून तो कोणत्याही विम्यातून भरूनही निघत नाही.

परळच्या परिसरातील पदपथांवर चटई टाकून राहणारी कुटुंबे हे या खर्चाचेच दृश्य रूप आहे. कर्करोगाच्या औषधांनी रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावते. अशा अवस्थेत उघड्यावर राहिल्यास जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, औषधाचा पुढचा हप्ता लांबतो. म्हणजेच निवाऱ्याचा प्रश्न अखेर वैद्यकीय प्रश्नच बनतो.

उपचार सोडणारी मुले

टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २००९ च्या सुमारास तेथे येणाऱ्या मुलांपैकी सुमारे २० टक्के मुलांचे उपचार सुरूच होत नसत किंवा मध्येच सुटत. लहान मुलांचे अनेक कर्करोग योग्य उपचारांनी बरे होतात. त्यामुळे पाचांतील एक मूल उपचाराअभावी परत जाणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने मोठीच हानी होती.

त्यानंतर ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’ या नावाने विभागाशी निगडित निधी उभा राहिला. औषधांसाठी मदत, राहण्याची सोय, पोषक आहार, समुपदेशन, मुलांचे शिक्षण आणि तारीख चुकविणाऱ्या कुटुंबाचा पाठपुरावा अशा सगळ्या गोष्टी त्याने एकत्र बांधल्या. नंतरच्या काही वर्षांत उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. यात डॉक्टरांचे कौशल्य होतेच. पण त्या कौशल्याचा लाभ घेण्यासाठी मूल शेवटच्या तारखेपर्यंत रुग्णालयात येत राहिले, हे श्रेय देणगीच्या पैशाचे आणि तो नीट खर्च करणाऱ्या माणसांचे आहे.

या कामात अनेक संस्थांचा हात आहे. ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ या संस्थेने २००६ मध्ये मुंबईत पहिले केंद्र उघडले. उपचार घेणारे मूल आणि त्याचे आईवडील यांना तेथे विनामूल्य राहता येते. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि स्वयंपाकाची सोय मिळते. आई स्वतःच्या हाताने मुलाला घरचा वरणभात करून घालू शकते, ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी तोंडाची चव गेलेल्या मुलासाठी ती औषधाइतकीच मोलाची ठरते. कॉटन ग्रीन येथे बंदर न्यासाच्या जुन्या इमारतींमध्येही संस्थेने मोठे केंद्र उभारले आहे.

‘कडल्स फाउंडेशन’ ही संस्था २०१३ पासून कर्करुग्ण मुलांच्या आहाराकडे लक्ष देते. तिचे आहारतज्ज्ञ रुग्णालयातच काम करतात. कुपोषित मुलाला औषधांचा मारा सोसत नाही, हे लक्षात घेऊन आहाराची आखणी होते आणि गरजू कुटुंबांना शिधाही दिला जातो. ‘कॅनकिड्स’ने चालविलेली ‘कॅनशाला’ उपचाराच्या काळात मुलांचा अभ्यास तुटू देत नाही.

मोठ्यांसाठीही अशीच साखळी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून, नर्गिस दत्त स्मृती प्रतिष्ठान १९८१ पासून आणि व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून या क्षेत्रात आहे. औषधांसाठी अर्थसाहाय्य, केस गळालेल्या स्त्रियांसाठी टोप, शस्त्रक्रियेनंतर लागणारी साधने, आजारातून उठलेल्यांनी नव्या रुग्णांना दिलेला धीर, असे या कामाचे नाना प्रकार आहेत. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण व नातेवाईक नाममात्र दरात राहतात. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे गाडगेबाबांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या निधनानंतर दादरला उभी राहिलेली धर्मशाळा त्याच विचाराची पुढची पायरी म्हणता येईल; येथील वाटसरू आजाराच्या वाटेवरचा आहे, एवढेच.

खिडकीबाहेरचे झाड

निवारा आणि अन्न या मूलभूत गरजा झाल्या. परंतु वॉर्डाला रंग देणे, प्रतीक्षागृहात पंखे व बाके बसविणे, मुलांसाठी खेळघर करणे, आवारात झाडे लावणे यांवर देणगी खर्च करणे ही उधळपट्टी नव्हे काय, असा प्रश्न विचारला जातो.

याचे एक उत्तर १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या रॉजर उलरिच यांच्या अभ्यासात सापडते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर उरलेल्या निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण तुलनेने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता. परंतु रुग्णालयाची रचना हा उपचाराचाच भाग आहे, या विचाराला त्याने चालना दिली.

आपल्याकडे तर गरजा याहून साध्या आहेत. बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून उभ्या असलेल्या वृद्धाला बसायला बाक, प्यायला स्वच्छ पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ व दार लागणारे स्वच्छतागृह, कोणत्या खिडकीवर जायचे हे मराठीत ठळक सांगणारे फलक, तपासणीच्या वेळी आडोशाला पडदा. यांतील प्रत्येक गोष्ट एखाद्या मोठ्या यंत्राच्या तुलनेत अत्यल्प खर्चाची आहे. अंदाजपत्रकात मात्र तिचा क्रमांक शेवटी लागतो. धर्मादाय निधी ती महिन्याभरात करून देऊ शकतो.

ब्रिटनचा धडा

सरकारने आरोग्यसेवेचा भार उचलला की देणगीची गरज संपते काय, हे पाहायचे तर ब्रिटनकडे वळावे लागते. तेथे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि रुग्णालयातील उपचार सर्वांना विनामूल्य झाले. तरीही रुग्णालयांना जोडलेले धर्मादाय निधी टिकून राहिले. सरकारी पैशातून जे सहसा होत नाही, त्याकडे त्यांनी लक्ष वळविले.

लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लेखक जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये ‘पीटर पॅन’ या आपल्या कृतीचे हक्क या रुग्णालयाला देऊन टाकले. स्वामित्वहक्काची मुदत १९८७ च्या अखेरीस संपली, तेव्हा ब्रिटिश संसदेने १९८८ मध्ये खास तरतूद करून त्या देशातील मानधन कायमचे रुग्णालयाकडे ठेवले. तेथील धर्मादाय निधीतून संशोधन आणि यंत्रे यांच्याबरोबरच आजारी मुलांच्या आईवडिलांची निवासव्यवस्था आणि मुलांसाठी खेळ यांचीही सोय होते.

२०२० च्या करोना साथीत टॉम मूर या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने शंभराव्या वाढदिवसापूर्वी आपल्या बागेत शंभर फेऱ्या मारण्याचा संकल्प सोडला. लोकांनी तीन कोटी वीस लाख पौंडांहून अधिक देणगी दिली. आरोग्यसेवेच्या धर्मादाय संघटनेमार्फत हा निधी देशभरच्या रुग्णालयांत पोहोचला. थकलेल्या परिचारिकांसाठी विश्रांतीची जागा, भेटीला बंदी असलेल्या रुग्णांना घरच्यांशी बोलता यावे म्हणून टॅब्लेट अशा गोष्टींवर हा पैसा खर्च झाला.

या कथेला दुसरी बाजूही आहे. मूर यांच्या नावाने कुटुंबीयांनी नंतर काढलेल्या एका वेगळ्या न्यासाच्या कारभारावर तेथील धर्मादाय आयोगाने २०२४ च्या अहवालात कडक ठपका ठेवला. आरोग्यसेवेसाठी जमलेल्या मूळ निधीचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. तरी एका नावाला बट्टा लागला की लोकांचा विश्वास डळमळतो आणि त्याची झळ शेवटी रुग्णालाच बसते. देणगीइतकाच तिचा हिशेबही महत्त्वाचा, हा ब्रिटनचा दुसरा धडा.

कायद्याने बांधलेला निधी

महाराष्ट्रात दान केवळ स्वेच्छेवर सोडलेले नाही. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना करसवलती व इतर लाभ मिळतात. त्या बदल्यात गरीब रुग्णांची सेवा करण्याचे बंधन सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक अन्वये त्यांच्यावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत.

इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. राखीव खाटांवरील रुग्णांची औषधे, साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे यांचा खर्च यातून भागतो. देणगीदारही या खात्यात भर घालू शकतात. निर्धन गटासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख ८० हजार रुपये, तर दुर्बल घटकासाठी तीन लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका यांसारखा पुरावा लागतो. तातडीच्या प्रसंगी मात्र कागदपत्रे वा अनामत रक्कम यांसाठी खोळंबून न राहता रुग्णाला दाखल करून घेणे बंधनकारक आहे.

कायदा चांगला असला तरी तो रुग्णाला ठाऊक असेल तरच उपयोगी पडतो. राखीव खाटांबाबत तक्रार असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते.

पैसा आणि रुग्ण यांना जोडणारा दुवा

एका बाजूला निधी आणि दुसऱ्या बाजूला गरजू रुग्ण. या दोघांची गाठ घालून देतो तो वैद्यकीय समाजसेवक. देशातील पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. मुंबईत १९३६ मध्येच समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली होती, ही त्यामागची पार्श्वभूमी.

समाजसेवक कुटुंबाची परिस्थिती समजून घेतो, सरकारी योजनेत किती रक्कम बसते ते पाहतो आणि उरलेल्या रकमेसाठी कोणत्या न्यासाकडे अर्ज करायचा ते सांगतो. मुख्यमंत्री साहाय्यता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा न्यास आणि इतर लहानमोठ्या संस्थांचे अर्ज त्याच्याच टेबलावरून पुढे सरकतात. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ‘पुअर बॉक्स चॅरिटी फंड’ असतो. बाहेरून आणावे लागणारे औषध, एखादी तपासणी अशा तातडीच्या गरजांना तो उपयोगी पडतो.

देणगीदार यंत्रासाठी उत्साहाने पैसे देतात. समाजसेवकाच्या वेतनासाठी देताना हात आखडता घेतात. वास्तविक एक अनुभवी समाजसेवक अनेक कुटुंबांना त्यांच्या हक्काच्या पैशापर्यंत पोहोचवितो. प्रशासकीय खर्च म्हणून नाक मुरडण्यासारखे हे काम नव्हे.

पाटीचे दान आणि पेटीचे दान

देणगीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पाटीचे दान ठरावीक वास्तूसाठी वा यंत्रासाठी असते. पेटीचे दान रुग्णालयाने गरजेप्रमाणे खर्च करावे म्हणून दिलेले असते. पाटीच्या दानाचे महत्त्व नाकारता येत नाही, जे. जे., केईएम आणि टाटा ही त्याचीच देणगी आहे. परंतु यंत्र आले तरी ते चालविणारा तंत्रज्ञ, दुरुस्तीचा वार्षिक करार आणि लागणारे साहित्य यांची तरतूद नसेल तर ते आच्छादनाखाली पडून राहते. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक झाले. त्यातून आरोग्याकडे पैसा वळला, तोही अनेकदा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंकडेच.

एकेका रुग्णासाठी संकेतस्थळांवरून पैसे जमविण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे. तिने काहींचे प्राण वाचविले आहेत. पण ज्याच्याकडे मोबाइल, ओळखी आणि मन हेलावणारे छायाचित्र आहे, त्यालाच ती अधिक फळते. आडगावच्या अबोल रुग्णाला तेथे वाव नसतो. रुग्णालयाचा सामायिक निधी गरजेनुसार वाटला जातो, म्हणून तो अधिक न्याय्य ठरतो. मदत घेणाऱ्याची प्रतिष्ठा हाही यातला नाजूक भाग आहे. रुग्णाच्या संमतीविना त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करणे, धनादेश देतानाचे सोहळे करणे हे टाळलेच पाहिजे.

देताना आणि घेताना

देणगीदारांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला प्रथम गरज विचारावी. रक्कम व्यक्तीच्या नव्हे, रुग्णालयाच्या किंवा नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात जमा करावी आणि पावती घ्यावी. लेखापरीक्षित हिशेब मागण्यात संकोच करू नये. आयकरातील सवलत केवळ जुन्या करप्रणालीत मिळते आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी रक्कम दिल्यास संस्थेला वर्षाचे नियोजन करता येते.

रुग्ण व नातेवाइकांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच समाजसेवकांना भेटावे. बिल हाती आल्यावर नव्हे. शिधापत्रिका, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि तपासण्यांच्या प्रती यांचे दोन-तीन संच जवळ ठेवावेत. निवासाची सोय, आहार, प्रवासातील सवलत यांची स्वतंत्रपणे चौकशी करावी. कर्करुग्णांना उपचारासाठी रेल्वेभाड्यात सवलत मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. मदत मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

सरकारला पर्याय नाही

या सगळ्यातून एक गैरसमज होता कामा नये. खाटा, डॉक्टर, परिचारिका आणि औषधे पुरविणे ही सरकारची आणि रुग्णालयाची जबाबदारी आहे. ती देणगीदारांच्या गळ्यात घालता येणार नाही. दान हे लहरीवर चालते. ते एखाद्या आजाराकडे भरभरून वाहते, तर क्षयरोग वा मनोविकार यांसारख्या आजारांकडे पाठ फिरविते. म्हणून मुख्य भार करांतून येणाऱ्या पैशानेच उचलला पाहिजे.

परंतु कोणत्याही अंदाजपत्रकात न मावणाऱ्या गरजा कायम राहणार. आईला मुलाजवळ राहता येणे, रुग्णाला पुढच्या तारखेला परत येता येणे, तपासणीच्या वेळी त्याची लाज राखली जाणे या त्या गरजा होत. परळच्या मुलांनी दाखवून दिल्याप्रमाणे त्या भागल्या की उपचार शेवटापर्यंत जातात. देणगी देणाऱ्याने पाटीवरील आपल्या नावाऐवजी त्या शेवटच्या तारखेकडे पाहिले, तर पैसा योग्य ठिकाणी पोहोचेल.